एका डोक्यात दोन भाषा

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एक सल्ला कधी ना कधी येऊन गेलेला असतो. मूल तीन-चार वर्षांचं होतं, शाळेत नाव घालायची वेळ येते आणि कोणीतरी सांगतं, "आता घरी मराठी बंद करा. इंग्रजीतच बोला, नाहीतर पोराचा गोंधळ होईल." सांगणारे कधी शेजारी असतात, कधी नातेवाईक, कधी शाळेतल्या बाई. हैदराबाद-सिकंदराबादेत तर तेलुगू आणि हिंदीही आहेतच. मग आई-बाबा हिशेब मांडतात: तेलुगू रस्त्यावर येईल, हिंदी मित्रांमध्ये येईल, इंग्रजी शाळेला लागणारच. उरली मराठी. ती सोडली तर कोणाचं काय अडतं?

या सल्ल्यामागे एक चित्र दडलेलं आहे. डोकं म्हणजे एक डबा, त्यात मराठी भरली की इंग्रजीला जागा कमी पडणार. हे चित्र खरं आहे का? दुसरी भाषा आली की मेंदूत नक्की काय होतं? मी साहित्याची विद्यार्थिनी, शास्त्राची नाही. पण या विषयावर गेल्या काही दशकांत जे सापडलंय, ते आपल्यासारख्या दोन-तीन भाषांत जगणाऱ्यांच्या इतकं जवळचं आहे की ते मंडळातल्या सगळ्यांना सांगावंसं वाटलं. त्यातला एक महत्त्वाचा अभ्यास तर आपल्याच शहरात झालाय.

गोंधळाची जुनी समजूत

आधी एक मान्य करू. हा सल्ला देणारी माणसं काही मूर्ख नसतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेतले कित्येक अभ्यासकही हेच म्हणत होते. दोन भाषा बोलणाऱ्या मुलांना बुद्धीच्या चाचण्यांत कमी गुण पडतात, असं त्यांना दिसायचं. पण तुलना कोणाची कोणाशी चालली होती? बऱ्याचदा परदेशातून नुकत्याच आलेल्या गरीब घरांतल्या मुलांची, सुस्थितीतल्या एकभाषी मुलांशी. वर परीक्षाही त्या मुलांना नीट न येणाऱ्या भाषेत. अशा शर्यतीत कोण मागे पडणार हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा!

१९६२ साली कॅनडातल्या माँट्रियल शहरात एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला आणि घरची परिस्थिती सारखी राहील याची काळजी घेतली. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही चांगल्या येणारी मुलं मागे तर नव्हतीच, उलट चाचण्यांत पुढे होती. या अभ्यासावरही नंतर आक्षेप आले. दोन्ही भाषा उत्तम येणारी मुलं निवडली तर ती हुशार निघणारच, असं काही जण म्हणाले, आणि त्यात तथ्यही आहे. पण दोन भाषांनी डोकं मंदावतं ही समजूत तिथून ढासळायला लागली.

ताक आणि टाक

"ताक" आणि "टाक" हे दोन शब्द मोठ्याने म्हणून बघा. त म्हणताना जीभ दातांना टेकते, ट म्हणताना ती वर वळून टाळूला लागते. आपल्याला हा फरक इतका उघड वाटतो की तो शिकावा लागतो हेच पटत नाही. पण फक्त इंग्रजी ऐकत वाढलेल्या माणसाला हे दोन्ही आवाज जवळजवळ एकच वाटतात. त्याचे कान उत्तम असतात. मग घोडं कुठे अडतं?

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिंदीतले त आणि ट असेच तान्ह्या बाळांना ऐकवले. आवाज बदलला की बाळाने मान वळवायची आणि मान वळवली की एक खेळणं हलताना दिसायचं, असा तो खेळ होता. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांनी हा फरक सहज पकडला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना मात्र तो पकडता आला नाही. हिंदी बोलणाऱ्या घरांतल्या त्याच वयाच्या बाळांना तो अजून येत होता.

म्हणजे जन्मल्यावर काही महिने बाळाचे कान जगातल्या कितीतरी भाषांना मोकळे असतात. मग मेंदू आजूबाजूला कोणते आवाज कामाचे आहेत ते बघतो आणि त्यांवर लक्ष एकवटतो. मेंदूतल्या पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि ज्या जोडण्या वापरात राहतात त्या पक्क्या होतात. शेतातल्या पायवाटेसारखं आहे हे. ज्या वाटेने माणसं जातात ती मळते, बाकीच्या वाटांवर गवत वाढतं. घरात दोन भाषा असल्या तर बाळाच्या डोक्यात दोन वाटा मळतात.

पण या वाटा माणसांच्या येण्याजाण्यानेच मळतात. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी काही चिनी भाषक माणसं बारा वेळा येऊन खेळली, चिनीतून गोष्टी वाचल्या. या बाळांना चिनीतले आवाज ओळखता यायला लागले. दुसऱ्या गटातल्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं, तितकाच वेळ, पण टीव्हीच्या पडद्यावर दाखवलं. त्यांना काहीच आलं नाही. मोबाईलवर मराठी बडबडगीतं लावून दिली की झालं, असं समजणाऱ्या घरांनी यावर जरा विचार करावा. बाळाला आजी समोर लागते.

दोन्ही भाषा एकदम जाग्या

आता मोठ्यांकडे येऊ. आपण मराठीत बोलतो तेव्हा डोक्यातली इंग्रजी कुठे जाते? बटण दाबून बंद होते का? तर नाही.

१९९९ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मायकेल स्पायव्ही आणि व्हियोरिका मारियन यांनी रशियन-इंग्रजी बोलणाऱ्यांवर प्रयोग केला. समोर काही वस्तू मांडल्या आणि नजर कुठे जाते ते टिपणारं यंत्र लावलं. रशियनमध्ये सूचना दिली, "पोस्टाचं तिकीट उचला." तिकिटाला रशियनमध्ये "मार्का" म्हणतात. शेजारी एक मार्कर पेन ठेवलं होतं. रशियनमध्ये त्या पेनाला अगदीच वेगळा शब्द आहे, तरी ऐकणाऱ्यांची नजर क्षणभर पेनाकडे जायची. सगळं बोलणं रशियनमध्ये चाललेलं असताना आत इंग्रजी जागीच होती.

आपल्या भाषेत हा खेळ असा मांडता येईल. टेबलावर कलिंगडाची एक बी आहे आणि प्लास्टिकची एक मधमाशी. कोणी म्हणालं, "बी उचल." इंग्रजी येत असेल तर मधमाशीकडे नजर गेली नाही तरच नवल.

दोन भाषा येणाऱ्याच्या डोक्यात असं दिवसभर चालू असतं. एक शब्द उच्चारायचा तर दुसऱ्या भाषेतल्या शब्दाला थोपवून धरावं लागतं. समोर आजी आहे की प्रोफेसर, हे बघून भाषा निवडावी लागते आणि मधेच तिसरा माणूस आला की बदलावी लागते. या कामात कपाळामागचा भाग आणि मेंदूच्या आत खोलवर असलेलं कॉडेट नावाचं केंद्र यांचा सहभाग असतो, असं स्कॅनमध्ये दिसलंय. लक्ष कुठे द्यायचं, काय टाळायचं, एका कामावरून दुसऱ्यावर कसं वळायचं, अशी बाकीचीही कामं हेच भाग करतात.

याची किंमतही मोजावी लागते, ती लपवण्यात अर्थ नाही. दोन भाषा बोलणाऱ्यांना चित्र बघून वस्तूचं नाव सांगायला किंचित जास्त वेळ लागतो. शब्द ओठांवर येऊन अडकण्याचे प्रसंगही त्यांच्या बाबतीत जास्त येतात. स्वयंपाकघरात आपण "ते दे ना, ते, पोळी उलटायचं" म्हणत हातवारे करतो आणि "उलथनं" हा शब्द दहा सेकंदांनी येतो, तेव्हा आपली मराठी वाया गेली असं समजू नका. प्रत्येक भाषा दिवसाच्या थोड्या भागातच वापरली जाते, म्हणून त्या-त्या शब्दाचा सराव थोडा कमी पडतो. शब्द हरवलेला नसतो, यायला वेळ लागतो इतकंच.

मेंदूचा आकार खरंच बदलतो का?

"मेंदू बदलतो" असं म्हणतो तेव्हा ते केवळ बोलण्यापुरतं नसतं. २००४ साली लंडनमधल्या आंद्रेआ मेकेल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआरआय करून बघितलं. मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या थोडं वर-मागे एक भाग आहे. दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये तिथला करडा थर, म्हणजे जिथे पेशी दाटीने असतात तो भाग, अधिक दाट होता. दुसरी भाषा जितकी लवकर शिकलेली आणि जितकी चांगली येणारी, तितका हा फरक जास्त.

यावर कोणी म्हणेल, ज्यांचा तो भाग मुळात दाट त्यांनाच भाषा पटकन येत असतील. शंका रास्त आहे. म्हणून शिकण्याआधी आणि शिकल्यानंतर, असा दोनदा फोटो काढायला हवा. स्वीडनमधल्या संशोधकांनी तेच केलं. तिथल्या सैन्याची दुभाषे तयार करणारी संस्था आहे. तिथे तरुण मुलं-मुली अरबी, दारी किंवा रशियन शून्यापासून आणि प्रचंड वेगाने शिकतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांचे स्कॅन सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी काढले. तुलनेसाठी विद्यापीठातले तितकाच कसून अभ्यास करणारे, पण भाषा न शिकणारे विद्यार्थी घेतले. भाषा शिकणाऱ्यांमध्ये हिप्पोकॅम्पस हा नव्या आठवणी रुजवणारा भाग वाढलेला दिसला आणि डाव्या बाजूच्या काही भागांतला बाहेरचा थर जाड झालेला दिसला. दुसऱ्या गटात हे बदल दिसले नाहीत.

त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ज्यांना भाषा चांगली जमली त्यांच्यात ऐकण्याशी संबंधित भाग आणि हिप्पोकॅम्पस जास्त वाढले होते. ज्यांना ती जड गेली, ज्यांची ओढाताण झाली, त्यांच्यात कपाळामागचा एक भाग जास्त वाढला होता. थोडक्यात, धडपडणाऱ्याचा मेंदूही बदलत होता, फक्त वेगळ्या जागी.

आता वय उलटलं का?

"लहानपणी शिकलो असतो तर" ही तक्रार आपण विशीतच करायला लागतो. त्यात काही अंशी खरं आहे. १९९७ साली न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या अभ्यासात दिसलं की लहानपणीच दोन्ही भाषा शिकलेल्यांमध्ये बोलण्याच्या भागात दोन्ही भाषांची जागा एकच असते, तर मोठेपणी शिकलेल्यांमध्ये त्या दोन जागा शेजारी-शेजारी पण वेगळ्या असतात. पुढच्या अभ्यासांतून कळलं की भाषा किती चांगली येते यावरही हे अवलंबून असतं. भाषा मुरली की जागा एकमेकींत मिसळत जातात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी इंटरनेटवरून सुमारे ६ लाख ७० हजार लोकांची इंग्रजी व्याकरणाची चाचणी घेतली गेली. त्या संशोधकांचा निष्कर्ष असा की नवीन व्याकरण आत्मसात करण्याची ताकद साधारण सतरा-अठरा वर्षांपर्यंत टिकून असते आणि मग उतरत जाते.

उतरते, संपत नाही. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल इथे फ्रेंचच्या पहिल्याच वर्गात बसलेल्या कॉलेजच्या मुलांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. डोक्याला तारा लावून त्यांना काही खरे फ्रेंच शब्द आणि काही बनावट शब्द दाखवले. खरा कोणता, खोटा कोणता, हे विचारल्यावर मुलांची उत्तरं निव्वळ अंदाजपंचे होती. पण मेंदूतल्या विद्युतलहरी खऱ्या-खोट्या शब्दांना वेगवेगळा प्रतिसाद देत होत्या. तेव्हा किती शिकवणी झाली होती? सरासरी चौदा तास. आपल्याला काहीच येत नाही असं वाटत असतं तेव्हाही मेंदूचं काम आत सुरू झालेलं असतं. तेलुगूच्या दुसऱ्या आठवड्यातच हात टेकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि साहित्याच्या लोकांसाठी फादर थॉमस स्टीफन्स आहेतच. १५४९ साली इंग्लंडमध्ये जन्मलेला हा माणूस १५७९ मध्ये गोव्यात उतरला. मराठी आणि कोकणी शिकायला लागला तेव्हा वय तिशीच्या घरात. १६१६ साली त्यांचं ख्रिस्तपुराण छापून झालं, दहा हजारांहून जास्त ओव्यांचं. त्यांचा स्कॅन काढायला कोणी नव्हतं, पण वय उलटल्याची सबब सांगताना मला तरी त्यांची आठवण होते.

आपल्या शहरातला अभ्यास

कॅनडातल्या टोरांटो शहरात एलन बिआलिस्टॉक आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं होतं की आयुष्यभर दोन भाषा बोललेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणं सुमारे चार वर्षं उशिरा दिसली. पण तिथले दोन भाषा बोलणारे बहुतेक परदेशातून आलेले होते. मग फरक भाषेमुळे पडला की स्थलांतरामुळे? याचं उत्तर द्यायला असं शहर हवं होतं जिथे माणसं गाव न सोडताच दोन-तीन भाषा बोलतात. असं शहर म्हणजे हैदराबाद.

पंजागुट्ट्याच्या निम्स रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यातले ३९१ जण दोन किंवा जास्त भाषा बोलणारे होते. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकभाषी रुग्णांमध्ये आजार सरासरी ६१.१ व्या वर्षी सुरू झाला होता, बहुभाषी रुग्णांमध्ये ६५.६ व्या वर्षी. साडेचार वर्षांचा फरक. शिक्षण, व्यवसाय, गाव की शहर हे सगळं हिशेबात धरूनही तो टिकला. शाळेत कधीच न गेलेल्यांमध्येही तो दिसला. मात्र दोनाच्या वर तिसरी, चौथी भाषा आल्याने आणखी फायदा दिसला नाही. २०१६ साली याच शहरात ६०८ पक्षाघाताच्या रुग्णांचा अभ्यास आला. पक्षाघातानंतरही ज्यांची विचारशक्ती शाबूत राहिली असे एकभाषींमध्ये १९.६ टक्के होते आणि बहुभाषींमध्ये ४०.५ टक्के.

आजार टळतो असा याचा अर्थ नाही. मेंदूची झीज होतेच, पण वर्षानुवर्षं दोन भाषा सांभाळणाऱ्या मेंदूकडे बहुधा थोडी जास्त शिल्लक असते, म्हणून तो जास्त दिवस निभावून नेतो. हेही सगळ्यांना मान्य नाही. निरोगी माणसांचा अनेक वर्षं मागोवा घेणाऱ्या काही अभ्यासांत असा फायदा आढळला नाही. "दोन भाषांमुळे लक्ष केंद्रित करण्याची ताकद वाढते" या लोकप्रिय दाव्याबाबत तर २०१५ साली असं दिसून आलं की फायदा दाखवणारे निष्कर्ष नियतकालिकांत जास्त सहज छापले जातात आणि न दाखवणारे मागे राहतात. तेव्हा भाषा म्हणजे टॉनिक आहे अशी जाहिरात आपण करू नये. मेंदू बदलतो हे पक्कं आहे. त्या बदलाचा रोजच्या हुशारीत किती फायदा, यावर वाद चालू आहे. दोन भाषांनी मुलाचं नुकसान होतं याला मात्र आधार उरलेला नाही.

विसरलेली भाषा जाते कुठे?

शेवटचा अभ्यास पुन्हा माँट्रियलचा, २०१४ सालचा. चीनमध्ये जन्मलेल्या काही मुलींना साधारण वर्षाच्या असताना फ्रेंच बोलणाऱ्या कुटुंबांनी दत्तक घेतलं. त्यानंतर चिनी त्यांच्या कानावर पडलीच नाही. नऊ ते सतरा वर्षांच्या झाल्यावर त्यांना चिनीतले सूर ऐकवून स्कॅन काढले. चिनीचा एक शब्दही त्यांना कळत नव्हता. फक्त फ्रेंच येणाऱ्या मुलींचा मेंदू ते सूर केवळ आवाज म्हणून ऐकत होता. या मुलींच्या मेंदूत मात्र डाव्या बाजूचा तोच भाषेचा भाग जागा झाला जो चिनी बोलणाऱ्या मुलींमध्ये होतो. बारा-तेरा वर्षं कोणी त्या वाटेने गेलं नव्हतं, तरी वाट पुसली गेली नव्हती.

हे वाचून मला आशाही वाटते आणि वाईटही. खूण राहिली, पण त्या मुलींना चिनीत बोलता येत नाही ते नाहीच. आपल्या घरांतही हेच होऊ घातलंय. मावशीची नात मराठी "समजतं पण बोलता येत नाही" म्हणते, तिच्या मुलांना तेही म्हणता येणार नाही. आणखी एक गोष्ट आहे. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेल्या भाषा आधी विरळ होत जातात आणि माणूस पहिल्या भाषेकडे परततो, असं सगळ्यांच्या नाही पण अनेकांच्या बाबतीत नोंदलं गेलंय. उद्या एखाद्या आजीकडे फक्त मराठी उरली आणि घरात उत्तर द्यायला कोणालाच मराठी येत नसली, तर त्या खोलीत काय होईल याची कल्पना करून बघा.

म्हणून पुढच्या वेळी कोणी तो सल्ला दिला तर भांडू नका, शांतपणे सांगा की डोकं डबा नाही. इंग्रजी उत्तम शिकू दे, तेलुगूही शिकू दे. त्यासाठी मराठी हुसकून लावावी लागत नाही. आणि नुसतं सांगू नका. घरात, चाळीत, रविवारी चर्चच्या आवारात जी लहान मुलं भेटतात त्यांच्याशी मराठीत बोला. ती इंग्रजीत उत्तर देतील, देऊ दे. तुम्ही मराठीतच पुढे चालू ठेवा. मोजायचंच असेल तर चौदा तास मोजा, आणि मग बघा.